शोअर ५० एवढ्याने भागत नाही

‘एलएसआर, शोअर ५०, रंग निळा, नग दहा हजार.’ लिक्विड सिलिकोन रबराच्या पार्टसाठी निघणाऱ्या परचेस ऑर्डरवर बहुतेक वेळा एवढंच असतं. फार तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘फूड ग्रेड’ किंवा ‘हाय टेम्परेचर’ अशी पुस्ती जोडलेली असते. एवढ्या मजकुरावर पुरवठादार माल देऊ शकतो, आणि देतोही. गॅसकेट खाचेत बसतं, लीक टेस्ट पास होते, बिल निघतं. तक्रार येते ती पंप किंवा दिवा ग्राहकाकडे जाऊन काही महिने झाल्यावर. मग क्वालिटीवाले हार्डनेस टेस्टर घेऊन धावतात, आणि हार्डनेस तंतोतंत बरोबर निघतो.

असे पार्ट स्वतः न बनवता दुसऱ्याकडून बनवून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. चाकण-भोसरीचे कनेक्टर आणि हेडलॅम्पवाले, सातपूर-अंबडचे स्विचगिअरवाले, बाळाच्या बाटल्यांची निपलं नाहीतर दवाखान्यातले व्हॉल्व्ह विकणारे, सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने सारखी आहे. डेटाशीटवर छापलेले आकडे २ मिलिमीटर जाडीच्या, व्यवस्थित भाजलेल्या चाचणी-पट्टीचे असतात. त्यातले किती तुमच्या पार्टपर्यंत पोचतात, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या ऑर्डरवर कुठेच नसतात.

आधी त्या हार्डनेसचंच पाहू. शोअर ए म्हणजे टेस्टरचं टोक रबरात किती रुततं त्याचं माप. एलएसआर साधारण १० ते ८० शोअरमध्ये मिळतं आणि बरीचशी सील ३० ते ६० मध्ये येतात. हे माप नीट घ्यायला निदान ६ मिलिमीटर जाडी लागते. दीड मिलिमीटरच्या पातळ कडेवर टेस्टर टेकवला की खालचं टेबलच मोजलं जातं आणि रबर आहे त्याहून कडक दिसतं. लहान पार्टसाठी मायक्रो आयआरएचडी यंत्र वापरावं, नाहीतर त्याच लॉटच्या पट्ट्या मागवून एकावर एक रचून मोजावं. एवढं करूनही कळतं काय, तर झाकण दाबताना किती जोर लागेल. तेच रबर दोन वर्षांनी किती जोर परत लावेल, तेलात किती फुगेल, चीर पडल्यावर किती पुढे फाटत जाईल, यातलं काहीही त्या काट्यावर दिसत नाही.

थोडं रसायन कळून घ्यायला हवं, कारण पुढचे सगळे गुणदोष तिथूनच निघतात. एलएसआर ए आणि बी अशा दोन डब्यांत येतं. डबा २० किलोचा, ड्रम २०० किलोचा. दोन्ही समप्रमाणात मिसळतात. एकात प्लॅटिनमचा उत्प्रेरक असतो, दुसऱ्यात साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक आणि ही जोडणी वेळेआधी सुरू होऊ नये म्हणून घातलेला रोधक. १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या मोल्डमध्ये पडलं की काही सेकंदांत घट्ट होतं, आणि या प्रक्रियेत मागे उपपदार्थ उरत नाही. साखळीचा कणा आहे सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचा, काचेत आणि वाळूत असतो तोच. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा मजबूत, म्हणून उष्णता, ओझोन, ऊन यांना सिलिकोन सहसा दाद देत नाही. मात्र शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना फार ढिल्या धरतात. त्यामुळे थंडीतही रबर मऊ राहतं. त्यामुळेच ते फाटतं लवकर, पेट्रोलमध्ये फुगतं आणि हवा-वाफ आरपार जाऊ देतं. ताकदीसाठी त्यात अतिबारीक सिलिका घातलेली असते, वजनाने साधारण पाव हिस्सा. ती काढली तर बोटाने तुटेल असा गोळा उरतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. घट्ट, कणकेच्या गोळ्यासारखं येणारं सॉलिड सिलिकोन, म्हणजे आपलं एचटीव्ही, हे हलकं आणि एलएसआर वरच्या दर्जाचं, असं विक्रेते सुचवतात. तयार रबराचे गुण जवळपास सारखेच असतात. एलएसआरचा फायदा आहे तो यंत्रात आपोआप, माणसाचा हात न लागता, लाखो सारखे आणि बारीक पार्ट काढण्यात. वर्षाला दोन-चार हजार नग लागत असतील, किंवा नळी आणि पट्टी ओढायची असेल, तर एलएसआरच्या महागड्या मोल्डमध्ये पैसे घालण्यात हशील नाही. सॉलिड सिलिकोन पेरॉक्साइडने पिकवलेलं असेल तर त्याचे अवशेष आणि वास ओव्हनमध्ये घालवावे लागतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

ताणणे आणि फाटणे

हार्डनेसच्या खालच्या ओळीत टेन्साइल स्ट्रेंग्थ असते. एलएसआरची साधारण ७ ते ११ मेगापास्कल. नैसर्गिक रबर सहज २० च्या पुढे जातं. हा आकडा पाहून नवे डिझायनर घाबरतात आणि ९ ऐवजी १०.५ असलेला महाग ग्रेड निवडतात. सीलमध्ये रबर ताणलं जात नाही, दाबलं जातं. तिथे हा फरक शून्य किमतीचा.

फाटण्याच्या आकड्याकडे मात्र नीट पाहावं, विशेषतः निपल, डायफ्रॅम, डकबिल व्हॉल्व्ह अशा पार्टसाठी. ग्रेडनुसार तो साधारण १५ ते ५० न्यूटन प्रति मिलिमीटर असतो. पण एका कंपनीने एएसटीएम डी ६२४ ची एक आकृती वापरलेली असते, दुसरीने आयएसओ ३४ ची दुसरी. तुकड्याचा आकार आणि आधीच दिलेली चीर वेगळी असल्यामुळे ४० आणि २५ हे आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. दोन ग्रेडची तुलना करायची तर दोन्हींच्या पट्ट्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने फाडून घ्या. डिझाइनमध्ये आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्या. सिलिकोनमध्ये चीर सुरू व्हायला जरा वेळ लागतो. एकदा सुरू झाली की मग ती थांबत नाही. म्हणूनच दात आलेल्या बाळाच्या निपलवर ओरखडा दिसला की ते टाकून द्या असं पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि ते खरंच पाळायचं असतं.

दबून बसणे

ज्याला कम्प्रेशन सेट म्हणतात, त्याच्यासाठी मी बाकी अर्धी डेटाशीट बाजूला ठेवायला तयार आहे. चाचणी अगदी साधी. ६ मिलिमीटर उंचीची चकती दोन पोलादी प्लेटांमध्ये ४.५ मिलिमीटरपर्यंत दाबायची, म्हणजे २५ टक्के. तशीच १७५ अंशांना २२ तास ठेवायची. मग सोडवून अर्ध्या तासाने उंची मोजायची. पूर्ण ६ भरली तर सेट शून्य. ५.७ भरली तर दाबलेल्या दीड मिलिमीटरपैकी ०.३ परत आलं नाही, म्हणजे सेट २० टक्के. ४.५ च राहिली तर १०० टक्के. रबर जागेवर आहे, पण ढकलत नाही. सील गळत नाही ते रबर परत ढकलत असतं म्हणून. हे ढकलणं संपलं की पहिल्या थंड रात्री, धातू किंचित आकसला की, पाण्याला वाट मिळते.

आता तोच ग्रेड, तोच मोल्ड, आणि दोन वेगळे आकडे पाहा. मोल्डमधून निघाल्या-निघाल्या पार्ट तपासला तर सर्वसाधारण ग्रेडमध्ये सेट ३० ते ६० टक्क्यांच्या घरात येऊ शकतो. त्याच पार्टला ओव्हनमध्ये २०० अंशांना ४ तास ठेवलं, ज्याला पोस्ट क्युअर म्हणतात, की तो १० ते २० वर उतरतो. डेटाशीटवर ठळक छापलेला आकडा बहुधा दुसरा असतो, आणि खाली बारीक अक्षरात पोस्ट क्युअरचा उल्लेख. ऑर्डरवर तसं लिहिलेलं नसेल तर तुम्हाला पहिला माल मिळण्याची शक्यता जास्त, कारण ओव्हनचं वीजबिल पुरवठादार भरतो. पोस्ट क्युअरशिवाय कमी सेट देणारे ग्रेडही बाजारात आहेत; ते जरा महाग पडतात, पण ओव्हन, हाताळणी आणि वेळ हिशेबात धरला तर कधी कधी परवडतात. काय घ्यायचं ते ठरवा, मात्र ठरवून घ्या. आणि तुमचा पार्ट १०० अंशांतच चालणार असेल तर १७५ च्या आकड्यावर भांडू नका, १०० ला जास्त दिवसांची चाचणी मागा. ती तुमच्या जास्त कामाची.

पोस्ट क्युअरमध्ये नेमकं काय होतं? जोडणी पूर्ण होते, आणि साखळीत न गुंतलेले हलके सिलॉक्सेन बाहेर पडतात. ते बाहेर पडायला ताजी हवा लागते. एक किलो सिलिकोनमागे मिनिटाला साधारण १०० लिटर हवा आत यावी आणि बाहेर जावी, असा कंपन्यांचा सल्ला असतो. पार्ट जाळीवर एका थरात पसरायचे. आतलीच हवा फिरवणारा, बाहेर सोडण्याची वाट नसलेला ओव्हन वापरला तर या वाफा साठतात, त्या पेट घेऊ शकतात, आणि पार्टवरही परत बसतात. पुरवठादाराकडे गेलात तर ओव्हनच्या मागे जाऊन पाइप कुठे जातो ते पाहा. घमेल्यात ढीग करून ठेवलेले पार्ट दिसले तर ढिगाच्या मधल्या पार्टचा सेट तुम्हाला प्रयोगशाळेपेक्षा आधी कळला असं समजा.

पोस्ट क्युअर झालं की नाही, हे दिसण्यावरून ओळखता येत नाही. वजनावरून येतं. साधारण १० ग्रॅमचे तुकडे कोरडे करून अचूक काट्यावर तोला, २०० अंशांना ४ तास ठेवा, कोरड्या बरणीत थंड करून पुन्हा तोला. अन्नाला लागणाऱ्या सिलिकोनसाठी जर्मनीत आणि बाळांच्या वस्तूंसाठी युरोपात अशी घट ०.५ टक्क्यांच्या आत असावी लागते. ‘पोस्ट क्युअर केलेला’ म्हणून आलेला माल त्याच्या वर घटला तर तो ओव्हनमध्ये गेलेला नाही किंवा नीट गेलेला नाही. हीच चाचणी गॅसकेटवरही करायला हरकत नाही. यंत्रसामग्री म्हणाल तर एक काटा आणि एक ओव्हन.

मापाचंही ऐका. एलएसआर मोल्डमधून निघताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं आणि पोस्ट क्युअरमध्ये आणखी अर्धा टक्का किंवा थोडं जास्त. ८० मिलिमीटर व्यासाच्या रिंगवर अर्धा टक्का म्हणजे ०.४ मिलिमीटर. हार्डनेसही दोन-चार अंकांनी चढतो. सॅम्पल ओव्हनआधी मोजून मंजूर केलं आणि लॉट ओव्हन करून आला, तर दोघेही खरं बोलत असतात आणि माल मात्र रिजेक्ट होतो.

उणे ५० ते अधिक २००

प्रत्येक जाहिरातीत ही पट्टी असते. खालच्या टोकाची गोष्ट अशी, की साध्या सिलिकोनचं काचेसारखं कडक होणं उणे १२५ अंशांच्या आसपास घडतं, पण उणे ४० ते ५० च्या दरम्यान साखळ्या हळूहळू रचून बसायला लागतात आणि रबर ताठरतं. तासभराच्या चाचणीत हे दिसेलच असं नाही. सियाचीन किंवा लडाखला जाणाऱ्या उपकरणासाठी फेनिल गट असलेला ग्रेड लागतो. पुण्याच्या थंडीसाठी याची काळजी करणं म्हणजे पैसे वाया.

वरच्या टोकाला २०० अंश मोकळ्या हवेत खरे आहेत, आणि लोहाच्या किंवा सेरियमच्या ऑक्साइडसारखी भर घातलेले ग्रेड त्याहून वर थोडा वेळ टिकतात. पण कोंडलेल्या जागी, हवा नाही आणि ओल आहे, अशा ठिकाणी तेच रबर कमी तापमानातही मऊ पडतं, चिकट होतं, साखळी उलट सुटायला लागते. म्हणून वाफेच्या लाइनवर सिलिकोन लावताना विचार करा. दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हच्या १२१ किंवा १३४ अंशांच्या फेऱ्या ते सोसतं, प्रत्येक फेरीनंतर मोकळं होतं आणि सुकतं. दिवसरात्र दाबाखालच्या वाफेत असलेल्या व्हॉल्व्हला ईपीडीएम जास्त बरं आणि स्वस्तही.

तापमानाबरोबर सिलिकोन वाढतं किती, हे डिझायनर हमखास विसरतात. लांबीतली वाढ दर अंशाला साधारण दहा लाखांत ३००. पोलादाची १२ च्या आसपास. २० वरून १८० अंशांना गेलेली १०० मिलिमीटरची पट्टी जवळजवळ ५ मिलिमीटर वाढते, आणि घनफळ १४-१५ टक्के. रबर मऊ असलं तरी दाबून त्याचं घनफळ कमी होत नाही. खाच थंडीतच ९० टक्के भरलेली असेल तर गरम झाल्यावर ते फटीतून बाहेर येतं, कापलं जातं, आणि मग ‘मटेरियल फाटतंय’ अशी तक्रार येते. गरम जागी चालणाऱ्या सीलच्या खाचेत २० ते २५ टक्के जागा रिकामी सोडा.

काय लागतं, काय झिरपतं

पाणी, ग्लायकॉल घातलेलं कूलंट, स्वयंपाकाचं तेल, अल्कोहोल यांच्याशी सिलिकोनचं जमतं. इंजिन ऑइलशी बऱ्यापैकी, ग्रेड आणि तेलातल्या रसायनांनुसार. पेट्रोल, डिझेल, थिनर, टोल्युइन यांच्याशी अजिबात नाही. टोल्युइनमध्ये ते दुपटीच्या आसपास फुगू शकतं. गंमत अशी की सुकल्यावर ते पुन्हा जवळजवळ पूर्वीसारखं दिसतं, त्यामुळे परत आलेल्या खराब पार्टमध्ये काहीच दोष सापडत नाही. इंधनाशी संबंध असेल तर फ्लुओरोसिलिकोन घ्या. ते जड असतं, महाग असतं आणि नेहमीच्या सिलिकोनइतकं लवचीक नसतं. तीव्र आम्ल-अल्कलीही नकोत. ज्या द्रवात पार्ट बुडणार, त्याच द्रवात तो चालत्या तापमानाला ७० तास ठेवून वजन, घनफळ आणि हार्डनेस मोजणं, ही पुस्तकातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा खात्रीची चाचणी.

वायूंचा मामला अधिक फसवा आहे. ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ सिलिकोनमधून इतर रबरांच्या मानाने कितीतरी जास्त जाते. कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकोन वापरतात ते याच गुणामुळे, डोळ्याला प्राणवायू मिळावा म्हणून. पण रस्त्यावरच्या एलईडी दिव्यात हाच गुण आड येतो. दिवा पाण्याखाली अर्धा तास ठेवून आयपी ६७ पास होतो, कारण थेंब आत जात नाही. कोकणात जून ते सप्टेंबर तो दमट हवेत टांगलेला असतो. दिवसा तापतो, संध्याकाळच्या सरीत गार होतो, आणि काचेच्या आत वाफ धरते. गॅसकेट गळत नसतं. वाफ रबरातूनच जात असते. उपाय म्हणजे श्वास घेणारी झडप किंवा पडदा लावणे, ओल शोषणारी पुडी ठेवणे, किंवा त्या जागी ईपीडीएमचा विचार करणे. नवा आणि ‘जास्त चांगला’ सिलिकोन ग्रेड मागवून हे सुटत नाही. निर्वात ठेवायच्या डब्यांनाही हाच न्याय.

स्विचगिअरवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. रबरातून निघणारे हलके सिलॉक्सेन बंद पेटीत रिलेच्या संपर्कबिंदूंवर पोचले की ठिणगीच्या उष्णतेने त्यांची सिलिका होते, म्हणजे वीज न वाहणारा थर. रिले चालू होतो, आवाज करतो, आणि प्रवाह जात नाही. अशा पेटीत सिलिकोन टाळा किंवा पोस्ट क्युअर केलेला, कमी वाफ सोडणारा ग्रेड घेऊन वजनाची चाचणी सक्तीची करा. मोटारींच्या पेंट शॉपमध्ये तर सिलिकोनचं नावच काढू देत नाहीत: त्याचा पातळसा अंश पत्र्यावर गेला की रंगात खड्डे पडतात. असेंब्ली लाइनवरच्या साध्या होल्डिंग पॅडसाठी सिलिकोन सुचवण्याआधी तो पॅड कुठून कुठे फिरतो ते विचारा. आणि हेच स्थलांतर उच्च दाबाच्या विजेच्या तारांवरच्या सिलिकोन इन्सुलेटरमध्ये वरदान ठरतं: मिठाचा, धुळीचा थर बसला तरी हे हलके रेणू त्या थरात चढतात आणि पाणी पुन्हा थेंब होऊन ओघळतं.

पुरवठादाराच्या शेडमध्ये

एलएसआर फार पातळ होऊन वाहतं. मोल्डच्या दोन भागांत ०.००५ मिलिमीटरची फट असली तरी तिथे फ्लॅश येते. फ्लॅश हाताने कापणारी माणसं ओळीने बसलेली दिसली तर मोल्ड थकलेला आहे, आणि कापताना पडणाऱ्या बारीक चिरा तुमच्याकडे येतायत. कामगारांच्या हातात लॅटेक्सचे मोजे दिसले तर तिथेच थांबवा. नैसर्गिक रबरातलं गंधक प्लॅटिनमला निकामी करतं. तसंच अमाइन आणि कथिलाची काही संयुगंही. बोट लागलेल्या जागी रबर पिकत नाही, चिकट राहतं. विनाइलचे मोजे वापरावेत. थ्रीडी प्रिंट केलेल्या साच्यात सिलिकोन ओतून सॅम्पल बनवणाऱ्यांना हा अनुभव येतोच, कारण काही रेझिनही हाच उपद्रव करतात.

मिसळलेलं एलएसआर २० अंशांच्या आसपास साधारण तीन दिवस टिकतं. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते. यंत्र बुधवारी रात्री बंद झालं, कोल्ड रनरचं गार पाणीही कुणी बंद केलं, आणि मोल्ड अजून तापलेला असेल, तर नोझलजवळचा माल शुक्रवारी सकाळपर्यंत अर्धवट पिकलेला असतो. सुरुवातीचे शॉट वगळले नाहीत तर त्यातले पार्ट दिसायला ठीक आणि जोडरेषेवर कच्चे निघतात. सुट्टीनंतरचे किती शॉट फेकता, असं सहज विचारा. उत्तर तयार असेल तर माणूस कामाचा.

सर्टिफिकेटं वाचताना तारीख नाही, तपासणी नेमकी कशाची झाली ते पाहा. अमेरिकेच्या एफडीएचं १७७.२६००, यूएसपी क्लास ६, आयएसओ १०९९३ हे बहुतेक वेळा कच्च्या मालाच्या ग्रेडचे अहवाल असतात. रंगाची पेस्ट, मोल्डला लावलेला रिलीज एजंट, ओव्हनमधली हवा यांचा त्यात समावेश नसतो. अन्नाला लागणारा किंवा रुग्णाच्या अंगाला लागणारा पार्ट तयार स्वरूपातच तपासून घ्यावा लागतो. युरोपला निर्यात करणाऱ्यांनी डी ४, डी ५ आणि डी ६ हे वर्तुळाकार सिलॉक्सेन विचारावेत. २०१८ मध्ये ते तिथल्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत गेले आणि ०.१ टक्क्याच्या वर असले तर कळवावं लागतं. ‘पिळून पांढरं पडलं म्हणजे भेसळ’ ही घरगुती कसोटी विशेष भरवशाची नाही. जाळून पाहिलं तर थोडं अधिक कळतं: सिलिकोनची राख पांढरी उरते, साध्या रबराची काजळी काळी.

मग ऑर्डरवर लिहायचं काय? ग्रेडचं पूर्ण नाव आणि बनवणारी कंपनी. हार्डनेस ±५, पोस्ट क्युअरनंतर मोजलेला. पोस्ट क्युअरचं तापमान आणि वेळ, किंवा ते लागत नाही असं स्पष्टपणे. तुमच्या तापमानाला कम्प्रेशन सेटची वरची मर्यादा. वजनातली घट ०.५ टक्क्यांच्या आत. कुठल्या द्रवाशी संबंध येणार त्याचं नाव. मापं ओव्हननंतरची. रंगाची पेस्ट कुणाची आणि किती टक्के. आणि कळवल्याशिवाय यातलं काहीही बदलायचं नाही, ही ओळ.

शेवटची ओळ सगळ्यात जास्त मोडली जाते. नेहमीचा ग्रेड आला नाही की पुरवठादार दुसऱ्या कंपनीचा ‘इक्विव्हॅलंट’ लावतो. हार्डनेस, रंग, माप जुळतं, आणि तपासणीत काहीच अडत नाही. म्हणून मंजूर झालेल्या पहिल्या लॉटमधले वीस-पंचवीस पार्ट आणि दोन पट्ट्या लॉट नंबर लिहून बंद पाकिटात, अंधारात ठेवा. सहा महिन्यांनी एकदा नव्या लॉटच्या पट्ट्या त्यांच्या शेजारी त्याच ओव्हनमध्ये, त्याच क्लॅम्पमध्ये दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींची उंची मायक्रोमीटरने मोजा आणि ते दोन आकडे पुरवठादाराला फोनवर वाचून दाखवा.